‘आमच्या गावात काही घडतच नाही’

पत्र : मी गुहागर तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावात राहते. वय चौतीस. माहेरही याच गावात, वरच्या वाडीत. टपालाच्या शाखेत डाकपाल आहे. लहानपणापासून वाचते, दिवाळी अंकांत दोन कथा छापून आल्यात. आता कादंबरी लिहावीशी वाटते, पण विषय सुचत नाही. मोठे लेखक मुलाखतींत प्रेरणेबद्दल बोलतात. मी संध्याकाळी वही घेऊन बंदरावर जाऊन बसते. समोर समुद्र, सूर्यास्त, परतणाऱ्या होड्या. तीन पानं वर्णन होतं आणि पुढे काही सरकत नाही. आमच्या गावात काही घडतच नाही. घरचं म्हणाल तर इतर घरांसारखंच, वाटण्या आणि भांडणं. माहेरच्या माजघरातलं मधलं दार मी पाचवीत असताना बंद झालं, पलीकडे काका राहतात. गणपतीची जागा त्यांच्या बाजूला गेली म्हणून तेवढे दिवस ते उघडतं. (काकांनी कंपनीच्या दिवसांत ट्रक घेतला होता, त्यातून आम्ही सगळे हेदवीला गेलो होतो, अशा गमती मात्र पुष्कळ आहेत.) पण यात वाचकाला काय रस? शिवाय आई म्हणते, घरची लक्तरं वेशीवर टांगू नकोस. कोकणावर एवढ्या मोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय, आता उरलंय काय? आधी सगळा आराखडा करायचा की सुचेल तसं लिहायचं? गावची बोली पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का? आणि नोकरी-घर सांभाळून हे होईल का?
– नाव न छापण्याची विनंती

उत्तर :

सूर्यास्तावर तुम्ही तीन पानं लिहिलीत. मधल्या दारावर एक ओळ, तीही ‘इतर घरांसारखंच’ म्हणत उरकलेली. ट्रक तर कंसात कोंबलाय. मला विचाराल तर तुमची कादंबरी त्या एका ओळीत आणि त्या कंसात आहे. बंदरावर ती सापडायची नाही.

मुलाखतींतल्या प्रेरणेवर फार विसंबू नका. लेखक मुलाखत देतो ती पुस्तक छापून झाल्यावर. तोवर ते कुठून आलं हे त्याचं त्यालाच धड आठवत नसतं, आणि समोरच्याला काहीतरी छान सांगायचं असतं. मग एखादा पाऊस, एखादी आजी पुढे येते. प्रत्यक्षात होतं ते याहून साधं आणि चिवट असतं. कुणाचं तरी एखादं वागणं आपल्याला कळत नाही आणि ते डोक्यातून जातही नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, पण त्याने समाधान होत नाही. मग ते वागणं पटेल अशी माणसं, असं घर, अशी वर्षं आपण कागदावर उभी करून बघतो. सूर्यास्तात न कळण्यासारखं काही नाही. म्हणून तो तीन पानांत संपतो.

हेन्री जेम्स या कादंबरीकाराने आपल्या एका कादंबरीची जन्मकथा लिहून ठेवली आहे. ती तुमच्या घराच्या इतकी जवळची आहे की सांगायलाच हवी. नाताळच्या आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर शेजारची बाई सहज बोलून गेली : अमक्या एका घरंदाज बाईचं आणि तिच्या एकुलत्या एक मुलाचं, वडील वारल्यावर, जुन्या घरातल्या किमती सामानावरून हाडवैर जुंपलंय. जेम्सला तेवढं पुरलं. बाई पुढची हकिगत रंगवून सांगायला लागल्या तेव्हा त्याला ती नकोशी झाली. खरोखर जे घडलं होतं ते त्याला त्या पहिल्या दहा शब्दांपुढे ओबडधोबड वाटलं. ‘द स्पॉइल्स ऑफ पॉइंटन’ ही त्याची १८९७ सालची कादंबरी त्या दहा शब्दांतून आली. सामानाची वाटणी! आपल्याकडे तांब्याच्या हंड्यांवरून आणि पोफळीच्या चार झाडांवरून दोन पिढ्या एकमेकांचं तोंड न पाहणारी घरं वाडीवाडीत आहेत, आणि आपण विषय शोधायला बंदरावर जातो.

तेव्हा एवढ्यात आईला किंवा काकांना ‘नक्की काय झालं होतं?’ असं विचारायला जाऊ नका. जे सांगतील ती त्यांची बाजू असेल, आणि एकदा ऐकलीत की तुम्ही तिची वकिली करायला लागाल. त्याऐवजी वहीत प्रश्न लिहा. कडी कुठल्या बाजूला आहे? चतुर्थीच्या आदल्या दिवशी ती कोण काढतं, आणि काढण्याआधी दारावर थाप मारतं का? वर्षभर त्या दारापुढे काय ठेवलेलं असतं? तांदळाची कणगी, शिलाई मशीन, जुनी खाट? ते सरकवायला पलीकडचं कोणी हात लावतं का? मूर्ती आणायला कोणत्या घरातून किती माणसं जातात आणि पाट कोणाच्या डोक्यावर असतो? सोवळ्यातला नैवेद्य कोणाच्या हातचा? मुंबईहून आलेल्या पोरांना या दाराचं काही माहीत असतं, की ती आपली बिनधास्त इकडून तिकडे पळत असतात, आणि त्यांच्याकडे बघताना मोठ्यांचे चेहरे कसे होतात? विसर्जन करून ओल्या पायांनी परत आल्यावर दार लावायला आधी कोण उठतं?

माझ्या दृष्टीने यातला सगळ्यात मोठा प्रश्न सुतकाचा. बोलणं बंद असो, कोर्टात दावा असो, भावकीचं सुतक काही चुकत नाही. पलीकडे माणूस गेलं की अलीकडचेही देव दहा दिवस पूजेविना राहतात. आता समजा, श्रावण सरता सरता पलीकडे कोणी गेलं आणि त्या वर्षी चतुर्थीला गणपती आला नाही. दार उघडायचं एकुलतं एक निमित्त गेलं. गणपती पुढे कधी आणायचा की यंदा राहू द्यायचा, हे ठरवायला दोन घरांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि बोलायचं तर कोणीतरी देवाची सबब न सांगता उठायला हवं. कोण उठेल? तुम्हाला आत्ता माहीत नाही. मलाही नाही. दोनशे पानं लिहायला एवढं कुतूहल पुरतं.

आता ट्रक. वयाचा हिशेब केला तर तुमची पाचवी २००१ च्या आसपास येते. तुमच्या पत्रातली ‘कंपनी’ म्हणजे बहुधा अमेरिकेतली एन्रॉन. तुमच्याच तालुक्यात अंजनवेलला तिच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा वीजखरेदी करार १९९३ च्या अखेरीस झाला. १९९५ मध्ये युती सरकारने तो रद्द केला, पुढच्या वर्षी नव्या अटींवर काम पुन्हा उभं राहिलं, मे १९९९ मध्ये वीज निघाली आणि २००१ च्या मध्याला सगळं थंडावलं. त्याच डिसेंबरात तिकडे अमेरिकेत कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. तुमच्या माजघरातलं दार बंद झालं तेही याच सुमारास. या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी म्हणत नाही, तुमचं घर मला ठाऊक नाही. पण कादंबरीत तो लावून बघायला कोणाची परवानगी लागत नाही. ट्रक कर्जाने घेतला होता का? जामीन कोण राहिलं? कागदावर आजोबांची सही होती की अंगठा? काम थांबल्यावर ट्रक किती पावसाळे खळ्याच्या कडेला उभा होता, आणि शेवटी तो न्यायला आले तेव्हा तुम्हा मुलांना कुठे पाठवलं होतं?

या प्रकल्पावर लिहिलं गेलं ते बहुतेक करार, विजेचे दर, राजकारण आणि आंदोलन यांच्या अंगाने. ते आवश्यकच होतं. पण ट्रकच्या हौद्यात बसून हेदवीला जाणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला केबिनच्या मागच्या काचेतून काकाची ताठ मान दिसत होती, ती कुठल्याच अहवालात नाही. त्या काळात तालुक्यात कोणी खोल्या वाढवल्या, कोणी खानावळ काढली, कोणी चार वाक्यं इंग्रजी पाठ केलं. नंतर त्या खोल्यांत कोण राहिलं? आणि तुम्ही म्हणता काही घडत नाही. जगभरच्या वर्तमानपत्रांत गाजलेली गोष्ट तुमच्या शाळेच्या सुट्टीत घडून गेली.

‘कोकणावर लिहून झालंय’ या तुमच्या धास्तीत थोडं तथ्य आहे. माड, लाल माती, भुताखेतांचा पार, समजूतदार म्हातारी आणि तिला भेटायला आलेला हळवा चाकरमानी, एवढ्यावर भागवलेल्या कथा इतक्या झाल्यात की मला आता पहिल्या पानावर माड दिसला की पुस्तक मिटावंसं वाटतं. पण मुलूख संपलेला नाही. श्री. ना. पेंडसे १९१३ साली दापोली तालुक्यातल्या मुर्डीत जन्मले, लहानपणीच मुंबईला गेले, पुढे बेस्टमध्ये नोकरी केली. त्यांची ‘एल्गार’ ही कादंबरी १९४९ साली आली आणि जगबुडीच्या काठची ‘तुंबाडचे खोत’ १९८७ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. जवळजवळ चाळीस वर्षं ते हाच पट्टा उकरत राहिले, तोही मुंबईत बसून. ‘पडघवली’ लिहिणारे गो. नी. दांडेकर तर जन्माने विदर्भातल्या परतवाड्याचे; कोकणातलं मोडत चाललेलं गाव त्यांनी एका बाईच्या तोंडून सांगितलं. आणि अगदी अलीकडे सावंतवाडीच्या प्रवीण बांदेकरांना ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’साठी २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्याआधीही कोकणावर कपाटभर पुस्तकं होतीच, ती त्यांना आडवी आली नाहीत. खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करायची वतनदारी, कायद्याने गेली ती १९४९ मध्ये. खोतांच्या घराण्यांची पडझड पाहणं हे पेंडशांच्या पिढीचं काम होतं. तुमच्या पिढीपुढे वेगळंच काही मोडतंय आणि वेगळंच काही उगवतंय.

हापूसच्या बागा राखायला नेपाळहून माणसं येतात. काही बायकापोरांसकट येतात, मांगरात राहतात. त्यांच्यातल्या एखादीच्या नजरेने आपला शिमगा कसा दिसत असेल? ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची आगरं एका दुपारीत आडवी केली. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. त्यानंतर सत्तरीतल्या ज्या माणसाने पुन्हा रोपं लावली, त्याने ती कोणासाठी लावली? मुलगा तर विरारला. जमिनीचे व्यवहार जुळवणारा गावातलाच तरुण, ज्याच्या मोबाईलमध्ये अर्ध्या वाडीचे सातबारे आहेत, तो मला खलनायकापेक्षा नायक म्हणून वाचायला आवडेल.

समुद्राचं वर्णन करू नका असं मी म्हणत नाही, पण समुद्र माणसांच्या कामात कुठे येतो तिथे तो दाखवा. आगोटीच्या आधी होडी वर ओढून शाकारणं, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून सुक्या मासळीची बेगमी, धोपाव्याहून दाभोळला जाणारी शेवटची फेरी चुकली तर चिपळूणवरून पडणारा वळसा. प्रेमात पडलेल्या माणसाची फेरीबोट चुकते तेव्हा वाचकाला खाडी दिसते. ‘निळाशार’ हा शब्द वर्षभर वहीत येऊ देऊ नका. तुमच्या खाडीचं पाणी बहुतेक दिवस मातकट असतं, हे तुम्ही रोज बघता.

आराखड्याचं म्हणाल तर दोन्ही टोकांचे लेखक असतात आणि दोघेही आपलीच रीत खरी म्हणून सांगतात. मला यात सिंधुदुर्गातल्या दशावताराची पद्धत पटते. त्यांच्याकडे छापील संहिता नसते. कोणतं आख्यान, कोणत्या प्रवेशात कोण येणार, कोण मरणार, एवढं रंगपटात ठरतं. बोलणं मात्र हार्मोनियमच्या सुरावर, समोरच्या नटाच्या तोंडाकडे बघत तिथल्या तिथे सुचतं. तुम्ही तसं करा. दार कोणत्या वर्षी बंद झालं, ट्रक कधी आला, कधी गेला, कोणत्या वर्षी कोण वारलं, कोणाचं वय किती, एवढं एका मोठ्या कागदावर मांडून भिंतीला लावा. वयं आणि सालं जुळली नाहीत तर पुढे फार त्रास होतो, आणि मराठी कादंबऱ्यांत हा घोळ नको तितका आढळतो. कोण काय बोलेल, कोण कोणाला माफ करेल, हे मात्र कागदावर लिहू नका. पन्नास पानांनंतर एखादं पात्र ठरलेल्या प्रवेशात यायला नकार देईल. तेव्हा कागद बदला, पात्राला ओढू नका.

आता आईचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘लेखकाने निर्भय असावं’ हे शहरात फ्लॅटमध्ये बसून म्हणायला सोपं आहे. तुमचं पुस्तक छापून येईल आणि दुसऱ्या आठवड्यात काका पासबुक घेऊन तुमच्याच खिडकीशी उभे राहतील. पालखी दोन्ही घरांत यायची आहे, गौरीच्या ओवशाला दोन्हीकडच्या सुना आहेत. गावात राहून लिहिणाऱ्याला हे सगळं धरूनच लिहावं लागतं.

पण त्यासाठी नावं बदलून भागत नाही. गणपतचा रघुनाथ केलात तरी वाडी अर्ध्या तासात ओळखते आणि वर म्हणते, नाव बदललंय म्हणजे नक्की काहीतरी लपवायचंय. बदल खोलवर व्हायला हवा. दोन भावांऐवजी दोन जावा घ्या, दोघींचेही नवरे आता नाहीत, म्हणजे भांडण ज्यांचं होतं ते गेले आणि पाळणाऱ्या राहिल्या. ट्रकऐवजी इंजिनाची होडी. गाव दुसऱ्या खाडीवर न्या. दार ठेवा, कारण दाराशिवाय तुम्हाला लिहिता येणार नाही, पण ते माजघरातून काढून दोन पडव्यांच्या मध्ये आणा. हे करताना एक गंमत होते. झाकण्यासाठी केलेला बदल स्वतःचेच प्रश्न विचारायला लागतो. जावा म्हटल्यावर माहेरं आली, माहेरं आली की दागिने आले, आणि तुमच्या घरात कधीच नव्हतं असं एक भांडण तुमच्या हातून लिहिलं जातं. मग ती गोष्ट तुमच्या काकांची राहत नाही.

आणखी एक करा. ज्या बाजूवर तुमचा राग आहे, त्या बाजूच्या माणसाच्या डोक्यात शिरून एक पूर्ण प्रकरण लिहा. कर्जाचा हप्ता भरायच्या दिवसाची सकाळ : खिशात पैसे नाहीत, समोर चहाचा कप, आणि धाकट्या भावाची बायको काही न बोलता पोहे ठेवून जाते. ते प्रकरण लिहून झाल्यावर काका वाईट वाटेनासे झाले तर कादंबरी मार्गी लागली असं समजा. तसंच वडिलांच्या बाजूच्या पात्राला एक तरी लबाडी करू द्या. आपलं घर नेहमीच सोशिक आणि समोरचं नेहमीच स्वार्थी, अशी कादंबरी गावात भांडण लावते आणि वाचकाला कंटाळा आणते.

कायद्याचंही थोडं सांगते. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि मृत व्यक्तीची बदनामीही, नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली तर, त्यात येऊ शकते. ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही पहिल्या पानावरची ओळ म्हणजे चिलखत नव्हे. माणूस ओळखू आला की ती फारशी उपयोगी पडत नाही. वाटणीचा दावा अजून कोर्टात असेल तर त्यातले कागद, जबाब, गट नंबर कादंबरीत अजिबात नकोत. आणि टपाल ऑफिसात जे हाती येतं ते हातीच राहू द्या. कोणाला कुठून पाकीट येतं, कोणाच्या खात्यात किती, कोणत्या म्हातारीला मुलाची रक्कम या महिन्यात आली नाही, हे तुम्हाला कळतं ते नोकरीमुळे. तिथून वाट बघणाऱ्या माणसाचं उभं राहणं घ्या, कोणत्या पायावर भार देतो, खिडकीत हात कसा ठेवतो. माहिती घेऊ नका.

आईला कधी दाखवायचं? लिहिताना नाही. प्रत्येक वाक्याला तिचा चेहरा दिसेल आणि वाक्य गुळमुळीत होईल. छापायला देण्याआधी मात्र नक्की, आणि स्वतः वाचून दाखवा. तिने ‘हे एवढं काढ’ म्हणून एखादी घटना, एखादा आजार, एखादी रक्कम दाखवली तर काढा, त्याने काही बिघडत नाही. ‘काकांना चांगलं दाखवू नकोस’ म्हणाली तर मात्र ऐकू नका. माझा अंदाज, दुसरी तक्रारच जास्त येईल.

बोलीची चिंता जरा जास्तच करता आहात. वाचकाला सगळे शब्द कळावे लागत नाहीत, बोलणारा कळावा लागतो. निवेदन तुम्ही पत्र लिहिलंत त्या भाषेत ठेवा, संवाद तुमच्या वाडीच्या तोंडचे. प्रत्येक हेल अक्षरांत पकडायला जाऊ नका. क्रियापदाची ठेवण आणि दोन-चार हुकमी शब्द असले की वाचक सूर स्वतः लावतो. गडगा, पाखाडी, मांगर, सडा, खळं हे शब्द निवेदनातही तसेच वापरा, त्यांचे अर्थ तळटीपेत देत बसू नका. ‘पाखाडीच्या शेवटच्या पायरीवर तो घसरला’ म्हटलं की पाखाडीला पायऱ्या असतात हे नागपूरच्या वाचकालाही कळतं. एकच विनंती, बोली फक्त विनोदाला आणि शिव्यांना राखून ठेवू नका. नाटक-सिनेमावाल्यांनी कोकणातल्या बोलींचे पुरेसे हाल केलेत. बाई मुलाच्या मरणाचं बोलते तेही तिच्याच बोलीत बोलते.

माहिती जमवायची असेल तर ती लिहायला लागल्यावर, अडेल तेव्हा जमवा. जमिनीचा जुना फेरफार काढून बघितलात तर एका ओळीत तीन पिढ्यांचा रुसवा सापडतो. जुन्या काळात जायचं असेल तर १८८० साली छापलेलं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटिअर आहे, त्यात बंदरं, पिकं, जातीपाती, जत्रा सगळं आहे, अर्थात गोऱ्या साहेबाच्या नजरेतून. तुम्हाला चिपळूण जवळ. तिथलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. पण सावध राहा. संदर्भ गोळा करण्यात दोन वर्षं घालवून एकही प्रकरण न लिहिलेले लोक मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांच्याइतकं समाधानी कोणी नसतं.

राहिला वेळ. तुमच्या खात्यातल्याच एका माणसाचं उदाहरण आहे. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप १८३४ साली ब्रिटिश टपाल खात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत तिथे होता. रोज पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे, त्या वेळी कॉफी घेऊन उठवायला येणाऱ्या नोकराला वर्षाला पाच पौंड जादा देई, आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिही. खेड्यांतलं टपाल नीट पोचतं का हे बघायला घोड्यावरून, आगगाडीतून हिंडताना गुडघ्यावर फळी ठेवून लिही. त्याच्या बार्सेटशर या मालिकेची पहिली गोष्ट त्याला सॉल्झबरीच्या कॅथीड्रलभोवती फिरताना सुचली, आणि तिथे तो टपालाच्याच कामाने गेला होता. अशा सत्तेचाळीस कादंबऱ्या. अर्थात त्याच्या घरी कॉफी दुसरं कोणी करत होतं, हे विसरू नका. तुम्हाला पहाटे उठून आधी पाणी भरायचं असेल.

म्हणून त्याचा वेग नको, हिशेब तेवढा घ्या. अडीचशे शब्दांचं पान धरलं तर साठ हजार शब्दांची कादंबरी दोनशे चाळीस पानांची. आठवड्याला चार पानं झाली तर साठ आठवडे. लावणीचे दिवस, गणपती, शिमगा, मुलांच्या परीक्षा यांत काही होणार नाही, ते आधीच वजा करा आणि दीड वर्ष धरा. नोकरी सोडायचा विचार पत्रात नाही, तो येऊही देऊ नका. बंदरावर जायचं तर वही घरी ठेवून जा. लिहायचं ते घरात, जिथे आवाज आहेत तिथेच.

साठ पानं झाली की एका माणसाला वाचायला द्या. घरचं नको, तुमचं कौतुक करणारं नको, स्वतः कादंबरी लिहीत असलेलं तर नकोच. शाळेतले निवृत्त गुरुजी किंवा ग्रंथालयातल्या बाई, ज्यांनी खूप वाचलंय आणि ज्यांना तुमच्याकडून काही नको आहे, असं कोणीतरी. त्यांना ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, कुठे कंटाळा आला तेवढं पानावर पेन्सिलीने खूण करायला सांगा. खुणा झालेली पानं पुन्हा लिहा आणि मग पुढे जा. पूर्ण झाल्यावर युनिकोडमध्ये टाइप करा, एक प्रत स्वतःकडे ठेवा, आणि प्रकाशकाने छापण्यासाठी तुमच्याकडेच पैसे मागितले तर हस्तलिखित उचलून दुसऱ्याकडे जा.